एका चेहऱ्याच्या गौरी

१२ मे

आज हमरापूरला आलो, मी आणि मनाली. रोह्याहून सकाळची मेमू पकडली. दोन गोण्या, एक ट्रंक आणि मनालीच्या मांडीवर मोगऱ्याची कुंडी. मी सांगितलं होतं, कुंडी नको, हात मोकळे ठेव. ऐकेल तर ती मनाली कसली.

कोलाडच्या ढाब्यावर मला खोटं पाडलं. मी सुट्टी सांगूनच गेले होते, मालक म्हणाला सांगितलीच नाही. चार माणसांत मी खोटी ठरले. तेव्हापासून ठरवलं, जे होईल ते त्या दिवशीच लिहून ठेवायचं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण एवढं लिहायला तेवढी पुरे.

जगनभाऊंचा हा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे धुराडं नाही की भोंगा नाही. लांबलचक पत्र्याची शेड, आत मांडण्यांवर पार छतापर्यंत पांढरे गणपती. खाली बायका पॉलिश पेपर घेऊन घासत बसलेल्या, सगळ्यांच्या भुवया धुळीने पांढऱ्या. मला बघून एक शेजारणीला म्हणाली, आली बघ नवी सासू. मी ऐकलं. सांगून टाकलं की सासूच समज, आणि हाक मारल्यावर जेवायला आली नाहीस तर भात मिळणार नाही. सगळ्या हसल्या. जमेल इथे.

हंगामात इथे मुक्कामाला माणसं असतात, त्यांचं दोन्ही वेळचं जेवण माझ्याकडे. मनाली रंगकामाला. बारावी झाली आहे, पण तिचं डोकं पुस्तकात कमी आणि कुंचल्यात जास्त. शेडच्या मागे आम्हाला खोली दिली आहे. खिडकी आहे, शेगडी आहे, आणि नळ घरात आहे. घरात! मी दोनदा उघडून बघितला.

जगनभाऊंची बायको नाही. मुलगा निकेश डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जातो. सून नमिता घरी बसून कंप्युटरवर मुंबईच्या कुठल्या कंपनीचं काम करते. दिवसभर कानात बोंडं घालून एकटीच बोलते. मला आधी वाटलं, पोरीला लागीर झालं आहे.

आज वालाचं बिरडं आणि भात केला. जगनभाऊ दुसऱ्यांदा मागून जेवले. माणूस बोलत नाही, पण ताट बोललं.

२५ मे

इथलं काम आता कळायला लागलं. अंग साच्यातून निघतं, हात वेगळे लावतात, मग घासणं, मग रंग. डोळे मात्र सगळ्यांत शेवटी. त्याला आखणी म्हणतात आणि ती जगनभाऊ स्वतः करतात. तेव्हा शेडमध्ये रेडिओसुद्धा बंद. मनाली त्यांच्या मागे उभी राहून बघते. परवा त्यांनी तिच्या हातात बारीक कुंचला दिला आणि दोन मुखवट्यांचे डोळे तिला करू दिले. पोरगी रात्री जेवली नाही, एवढी खूश.

गौरीचे मुखवटेही इथेच होतात. मला ते आवडत नाहीत, खरं सांगायचं तर. सगळ्या गौरी सारख्याच, गाल फुगवलेल्या, लग्नाच्या फोटोत नवरीला शिंक आल्यासारख्या. मी तसं बोलूनही दाखवलं. जगनभाऊ रागावतील वाटलं, पण ते म्हणाले की साचा त्यांच्या वडलांच्या वेळचा आहे, त्यांनाही कंटाळा आला आहे.

नमिता तिथेच चकली खात उभी होती. तिने मनालीकडे बघितलं. मनाली उन्हात बसून हाताचा पिवळा रंग काढत होती, थोडा गालाला लागला होता. नमिता म्हणाली, मावशी, गौर तर इथे बसली आहे.

मनालीने लाजून तोंड वळवलं, पण मला ठाऊक आहे, तिला बरं वाटलं. मलाही वाटलं. वडील लवकर गेले तिचे. तिला कोणी इतकं निरखून बघितलंच नव्हतं.

६ जून

गौरीच्या नव्या साच्यासाठी मनालीचं तोंड घेतलं. मला वाटलं चिखल थापतील, नाकात नळ्या घालतील. तसलं काही नाही. नमिताने मोबाइल धरून तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली आणि तोंड कंप्युटरमध्ये गेलं. मान फिरवली तर मानही फिरते. नमिताने त्याला पापण्या मिटायला आणि हसायला शिकवलं. साचा पनवेलला एका यंत्रावर छापून आणला, प्लॅस्टिकचा.

पहिले मुखवटे निघाले ते शाडूचे. निकेशचं म्हणणं, यंदा लोकांना मातीचंच हवं आहे. प्रत्येक खोक्यात चिठ्ठी जाणार: घरीच बादलीत विसर्जन करा, माती कुंडीत घाला. नमिताने चिठ्ठी छान लिहिली. मला वाचून दाखवली.

मुखवटा हातात घेऊन मी फिरवून फिरवून बघितला. तीच जिवणी. डाव्या भुवईची लहानपणी पडल्याची खूणसुद्धा.

२० जून

नमिताने दुकान उघडलं आहे, मोबाइलवरचं. लोक घरबसल्या गौर बघतात, नथ कुठली, टिकली कुठली, रंग गोरा की सावळा, सगळं निवडतात, तशी इथे रंगवून जाते. ऑर्डरी धडाधड आल्या. रोह्याच्या, ठाण्याच्या, कुठे कुठे.

आज घोळ झाला. ठाण्याच्या एका बाईने हनुवटीवर तीळ मागितला, तर सगळ्यांच्या गौरींना तीळ आला. फोनवर फोन. नमिता डोकं धरून हसत होती. मी विचारलं हा काय प्रकार. ती म्हणाली, ती ज्या भाषेत लिहिते ती जावास्क्रिप्ट, तिथे अशी चूक सगळ्यांची होते. तिला वाटलं प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी गौर दिली, पण दिलं फक्त नवं नाव. तोंड एकच राहिलं. प्रत्येक ऑर्डर म्हणजे एक बोट, आणि सगळी बोटं त्या एका तोंडाकडे. कोणीही काही बदललं की बदल त्या तोंडातच होतो.

मला कळलं. आई मला चंदी म्हणायची, सासरी मी चंद्रावती, ढाब्यावर मावशी. नावं तीन, पण थप्पड कुठल्याही नावाने मारली तरी गाल माझाच. नमिता म्हणाली, मावशी, तुम्ही क्लास घ्या. चेष्टा करते.

संध्याकाळी मनाली तोंड धूत होती. हनुवटीवर तीळ. मी म्हटलं रंग लागला, घास. तिने घासला. मी पदराने घासला. गेला नाही.

२४ जून

नमिताने दुरुस्ती केली. आता प्रत्येकाची गौर वेगळी केली म्हणाली. ठाण्याची तिळाची, बाकीच्या बिनतिळाच्या.

मनालीचा तीळ गेला. रंगच असणार. मी उगाच पोरीचं कातडं सोलवटून काढलं.

३ जुलै

मनाली खाली बघून बोलते. आधी मी लक्ष दिलं नाही. वाटलं, कोणी काही बोललं असेल, पोरगी रुसली असेल. आज भाकरी वाढताना म्हटलं, इकडे बघ. तर तिने मान वर केली, डोळे नाही. म्हणाली, आई, वर होत नाहीत.

पेणला डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला रंगाच्या वासाने आणि बारीक कामाने ताण आला, थेंब टाका. मी विचारलं ताणाने दोन्ही डोळे सारखेच खाली कसे बसतात. तो म्हणाला, बाई, तुम्ही डॉक्टर की मी? मी थेंब घेतले आणि आले.

दुपारी नमिताकडे चहा द्यायला गेले. तिच्या कंप्युटरवर सगळ्या गौरी ओळीने. सगळ्यांचे डोळे खाली झुकलेले.

मी कप ठेवला. विचारलं. ती वैतागली होती, म्हणाली परत तोच घोळ. एका बाईने नजर खाली मागितली, सगळ्यांची झाली. वरवरचं वेगळं केलं होतं, टिकली, नथ, रंग, तीळ. पण आत डोळे आणि ओठ ज्या डब्यात ठेवले होते तो डबा तोच राहिला. पिशव्या नव्या दिल्या, आतला डबा सगळ्यांचा एक.

मी तिला म्हटलं, डोळे वर कर.

ती म्हणाली करते हो, थोडं थांबा. मी म्हटलं, आत्ता कर. मनालीला हाताला धरून आणलं आणि तिच्यासमोर उभी केली.

नमिताने बोट फिरवलं. पडद्यावरचे डोळे वर आले. मनालीने वर बघितलं. नमिताने परत खाली केले. मनालीचे खाली. परत वर. परत वर.

नमिताच्या हातातली चकली खाली पडली. ती उचलायला कोणी वाकलं नाही.

४ जुलै

जगनभाऊंना सांगितलं. वाटलं होतं हसतील. ते रेडिओ बंद करून स्टुलावर बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. जित्या बाईचं तोंड साच्यात घेतलं तर पहिला मुखवटा विकायचा नसतो. त्याचे डोळे आखायचे, त्या बाईच्याच हाताने तो फोडायचा, ती माती पुढच्या मातीत कालवायची. मग ते तोंड कोणाचंच राहत नाही, सगळ्यांचं होतं. त्यांच्या वडलांनी असंच केलं, आजोबांनी केलं.

मी विचारलं मग यंदा का केलं नाही. म्हणाले, तिच्या तोंडाला माती लागलीच नव्हती. मोबाइल फिरवला, त्याला काय साचा घेणं म्हणतात? ही रीत इथे लागू नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

मी म्हटलं आता फोडू. मांडणीवरचा एक मुखवटा उचलला. त्यांनी माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात की वळ उठला. म्हणाले, "आता नाय गो बाई. आता सगळ्यांचे डोळे उघडले. कुठलाही फोडलास तरी तीच फुटेल."

१० जुलै

दुकान बंद केलं. नवी ऑर्डर नाही. पण गेलेले गेले. निकेश टेम्पो भरून आधीच पाठवत होता, हंगामाची घाई.

आज मनाली जेवणावर बसली होती. घास तोंडात, आणि उजवा गाल आत गेला. कोणी अंगठा रुतवल्यासारखा. आवाज आला, ओली माती दाबल्यासारखा. रक्त नाही. ती म्हणाली दुखत नाही आई, फक्त गार वाटतं.

तासाभराने रोह्याच्या दुकानदाराचा फोन, की अर्धवट वाळलेला मुखवटा खोक्यात चेपून आला. मी त्याला सांगितलं, ओलं फडकं घे आणि आतून हळूच बाहेर काढ. हळू. पोटच्या पोरीचा गाल आहे असं समज. तो म्हणाला मावशी, तुम्ही फारच मनावर घेता.

गाल आला वर. पूर्ण नाही.

१७ जुलै

नमिता आजकाल जेवत नाही. मी तिला बोलायचं ते बोलून घेतलं. आता बोलत नाही. ती दिवसभर मनालीसाठीच बसते, कंपनीचं काम सोडून. मनालीला वेगळी काढायची, आतला डबाही प्रत्येकाला नवा द्यायचा, डब्यातली डबीही नवी, पार तळापर्यंत. मग कोणाचं काही कोणाला लागणार नाही.

आज दुपारी केलं. मी आणि मनाली बाजूला. कंप्युटरने नाही म्हटलं. लाल अक्षरं आली. नमिताने सांगितलं, जे नुसतं असतं त्याची नक्कल होते. नाक, डोळे, रंग. जे करतं त्याची होत नाही. पापणी मिटणं, हसणं. ते घेत नाही म्हणतो.

मी म्हटलं दुसरा मार्ग बघ. ती म्हणाली आहे एक. सगळं कागदावर उतरवल्यासारखं शब्दांत लिहायचं आणि त्यावरून परत नवं करायचं. त्यात हे अडत नाही.

केलं. अडलं नाही. सगळ्या गौरी वेगळ्या झाल्या. नमिताला हसू फुटलं.

मी मनालीकडे वळले. ती बसली होती. डोळे उघडे. हाक मारली. हलवली. पापणी मिटेना. तोंड उघडेना. छातीवर कान ठेवला. नमिता ओरडत होती की गळून गेलं, जे करतं ते गळून गेलं, न सांगता गळून गेलं. मी म्हटलं परत घाल. परत घाल, रांडे, परत घाल.

घातलं तिने. मनालीने श्वास घेतला, विहिरीतून वर आल्यासारखा.

तिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं डुलकी लागली तुला.

२ ऑगस्ट

पुसूनच टाकू का, नमिता म्हणाली. कंप्युटरमधून. तिचं बोट त्या बटणावर होतं. मी तिच्या बोटावर माझा हात ठेवला. काय पुसलं जाईल ते कोण सांगणार?

१४ ऑगस्ट

ज्यांच्याकडे मुखवटे गेले त्यांना फोन करतोय. परत द्या, दुसरा देतो, चांगला देतो. कोणी देत नाही. एक म्हणाली आमच्या गौरीसारखी गौर आळीत नाही. एक म्हणाली, परत पाठवायची? घरी आलेली माहेरवाशीण?

मग म्हटलं बुडवू तरी नका. ठेवून घ्या वर्षभर.

हे ऐकून तर सगळ्या उखडल्या. पूजा सांगायला बसल्यासारखं मला शिकवलं एकीने. गौर ठेवून घ्यायची नसते. तिसऱ्या दिवशी पाठवायची. मला हे ठाऊक नाही का? माझ्या आईने जन्मभर पाठवल्या. मी पाठवल्या.

आणि चिठ्ठीत आम्हीच लिहिलं आहे. बादलीत.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. शेड रिकामी. मांडण्या नुसत्या. मोदक केले, कोणी खाल्ले नाहीत.

बादलीत काय होईल ते मनालीला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, हंगाम सरला की हे जाईल. नखांत सारखी माती येते तिच्या, धुतली तरी.

३१ ऑगस्ट

गौरी आल्या.

सकाळी मनालीच्या कपाळावर आपोआप हळद. मग कुंकू. मग परत हळद, थरावर थर. पुसलं की दुसरं. सगळीकडे एकदमच पूजा चालली आहे. ओवशाचं सूप घेऊन कोणी नवी नवरी गौरीपुढे वाकली असेल, मनालीच्या मांडीवर तांदूळ सांडले. कुठून सांडले?

ती भिंतीला टेकून बसली आहे. ऐकते आहे. मी विचारलं काय ऐकतेस. म्हणाली,

"बायका बोलतात आई. कानात. प्रत्येक जण आपलं सांगते. एकीला मूल नाय. एकीला नवरा मारतो. मी काय करू गो?"

मी तिच्या कानांवर हात ठेवले. हात ठेवून काय होतं.

१ सप्टेंबर

उद्या पाठवणार.

नमिताकडे गेले. म्हटलं, डबा एकच आहे ना अजून सगळ्यांचा? म्हणाली हो, मावशी, सुटत नाही. म्हटलं मग सोडवू नको. सगळी बोटं त्या डब्याकडे. डब्यात तोंड बदल. एका जागी बदललंस की सगळीकडे बदलेल, तूच सांगितलंस.

ती म्हणाली कोणाचं घालू?

मी खुर्ची उन्हात ओढली. बसले. पदर मागे घेतला.

ती रडायला लागली. मी म्हटलं रडायला वेळ नाही, मोबाइल काढ. म्हणाली नाही करणार. मग मी तिला विचारलं, मनालीला तू सांगतेस उद्या काय होणार, की मी सांगू? तेव्हा उठली.

फिरली माझ्याभोवती. दोनदा परत घेतलं. मी म्हटलं, लोकांच्या मखरात काळी गौर दिसली, हे असलं नाक दिसलं की शिव्या तुला बसणार. ती हसली नाही.

मनालीला निकेशबरोबर रोह्याला पाठवलं, माझ्या भावाकडे. सांगितलं, हवा बदल, मी भांडीकुंडी आवरून येते. दारातून परत फिरली. गळ्यात पडली. मी म्हटलं मेमू चुकेल.

ती गेल्यावर नमिताने केलं.

लागलीच कपाळ जड. हळदीचा वास. आणि बायका—
किती बोलतात.

२ सप्टेंबर

सकाळी मनालीचा फोन. आई, गाल सारखा झाला. पूर्ण. नखं स्वच्छ. मामीच्या आरशात बघते आहे. डोळे वर-खाली करून बघितले. कोणी बोलत नाही आता कानात. तू कधी येतेस?

म्हटलं येते.

"आई, आवाज असा का?"

म्हटलं सर्दी. पावसाळी हवा.

फोन ठेवला. पोरगी मोकळी आहे. आता तिच्याकडे कोणाचं बोट नाही. हे लिहून ठेवते, मी खोटं बोलत नाही.

नमिता शेजारी बसली आहे. मांडीवर टॉवेल. काय पुसणार आहेस, म्हटलं. पंखा चालू आहे, ऊन आहे, मी कोरड्या लादीवर बसले आहे.

दुपार. आरती ऐकू येते. एक नाही, खूप.

दही-भात देतात. तोंडात गार.

मनालीला सांग की मोगरा— नाही, राहू दे, तिचं ती बघेल.

उचललं कोणीतरी. पायाखाली जमीन नाही. नमिता, खांदा धर. हात नाही लावलास तू? कोणाचे हात मग

त्या घरची बाई म्हणते सांभाळून जा. म्हणते पुन्हा ये. चांगली बाई आहे. हळू सोडते.

पाणी. हनुवटी. ही एक बादली. आता दुसरी. नाक—

वरून बघतात सगळ्या. पोरंही. हसतात, बुडबुडे आले म्हणून

गाल सुटला. कागदावर माती पडते आहे, नमिता पुसते. डोळा एक नीट दिसत ना—

अजून बादल्या भरतात. मनाली कोरडी आहे. ती कोर